चोपन्नच्या फियाटची वही

किंगपिन, दोन नग, बावीसशे.
ग्रीस द्यायचं विसरलं की सहा महिन्यांत पुन्हा बावीसशे.
डावं दार खालून गंजलं.
पत्रा ठोकून आणला शाहूपुरीतनं, रंग जुळला नाही.

पेट्रोलपंप तापला की गाडी बसते.
बसते म्हणजे बसतेच,
मार्चच्या उन्हात, पंचगंगेच्या पुलावर,
मागं उसाच्या ट्रॉल्या कोकलत.
मी टॉवेल भिजवून पंपाला गुंडाळते
आणि आमचे हे बॉनेटपाशी हात बांधून उभे,
जणू आत कुणाचं बारसं चाललंय.

बाबालाल मुजावर म्हणतो, वहिनी,
इटलीहून पार्ट मागवला तर दोन महिने आणि एक म्हैस,
उद्यमनगरात दोन दिवस.
वाळूचा साचा, बिडाचा रस,
लेथवर आकाराम लोहाराचा पोरगा, चष्म्याशिवाय.
पार्ट चपखल बसला की सगळ्यांना तांबडा-पांढरा.
तो खर्च मी शेवटच्या पानावर लिहिते.

परवा पुण्याचा एकजण बघायला आला.
भोवती फिरला, वाकला, टिचक्या मारल्या.
"ओरिजिनल काय आहे यात?"
बाबालालनं हात पुसले, बराच वेळ पुसले.
"काच. पुढची."
मग म्हणाला, "आणि हट्ट."

ह्यांनी किंमत सांगितलीच नाही.
माणूस चहा न घेता गेला.

रात्री वही काढली. बेरीज करत नाही मी.
एकदा केली होती,
त्या साली पाटल्या राहिल्या.
नुसतं लिहिलं:
काच पुसायला जुनी सुती साडी, माझी.
खर्च काही नाही.