प्रश्न अकरावा

विद्यापीठाची प्रश्नावली आलीय:
‘हे तंत्रज्ञान मी स्वीकारलं आहे.’
एक ते पाच, कुठल्याही एका गोलावर टिचकी मारा.

डंडीत नोव्हेंबरचा दिवस चार वाजताच आटोपतो.
खिडकीबाहेर टे नदी, वर सीगल्सची भांडणं.
त्यांना कुणी म्यूट केलेलं नाही.

लिंडसेबाई आजही पाच मिनिटं नुसते ओठ हलवत होत्या.
आम्ही बत्तीस काळे चौकोन,
कुणीच बोललं नाही.
मग फर्गसनं माइक उघडला: ‘मोराग, आवाज!’
त्याच्यामागे गाडीचे वायपर ऐकू आले.
घरी रेंज नाही, म्हणून तो
बंद वाचनालयाच्या दाराशी गाडी लावून बसतो.
तिथलं वायफाय भिंतीतून झिरपतं म्हणे.

मी तिसऱ्या मजल्यावर, पायात दोन-दोन मोजे,
कुकरची शिट्टी नको म्हणून तास संपेपर्यंत उपाशी.
आईला सांगितलंय, छान चाललंय.

स्वीकारलं म्हणजे?
पाहुण्याला आत घेतो तसं,
की दुखणं अंगावर काढतो तसं?

तीनवर बोट ठेवलं. उचललं.
तेवढ्यात फर्गसचं नाव विझलं
आणि मी, का कोण जाणे,
पहिल्यांदाच कॅमेरा चालू करून
तो परत यायची वाट बघत बसले.