प्रयोजन

बारा वर्षं मी हिचं लॉगबुक टाइप केलं
पाटबंधारे खात्यात, सिव्हिल लाइन्सला.
दौरा भंडारा, दौरा रामटेक,
सुरुवात किमी, शेवट किमी, प्रयोजन.
साहेब मागे बसत. मी कधीच नाही.
मग लिलाव निघाला, आणि बोली लावणाऱ्यांत
मी एकटी बाई, पर्समध्ये डिमांड ड्राफ्ट.

अँबॅसडर, अठ्ठ्याहत्तरची, पांढरी,
म्हणजे एकेकाळी.
डिसेंबरात शहाण्या मुलीसारखी वागते.
मे महिन्यात शंकरनगरचा सिग्नल लागला
की काटा लालमध्ये, बॉनेटमधून वाफ,
आणि मागून कोणीतरी,
"ओ काकू, चहा ठेवला काय?"

लीलाधर पराते म्हणाला, गाडीची चूक नाही.
जुना पंखा इंजिनच्या पट्ट्यावर,
इंजिन धावलं तर धावते, पेंगलं तर पेंगते.
सिग्नलवर, मॅडम, जवा हवा पाहिजे
तवाच हा डुलक्या घेते.
मला आमच्या ऑफिसातली दोनचार माणसं आठवली.

पाचपावलीत त्याच्या बापाचा हातमाग होता.
मागाचा खड्डा होता तिथेच, थोडा खोल करून,
आता गाडीखाली उतरायचा खड्डा.
बाप पाय सोडून बसे,
लेक उभा, डोकं माझ्या इंजिनात.

भंगारातून झेनचे दोन पंखे आले.
"पण आधी डायनॅमो काढू, त्याच्यात दम नाही.
घरी कूलर लावला की बल्ब कसा मान टाकते?
तसं होईन."
अल्टरनेटर आला. रिले आला, तीस अँपिअरचा फ्यूज,
बॅटरीपासून थेट जाड तांबडी वायर.
ती त्यानं ताण्याच्या सुतासारखी
दोन बोटांत ओढून पाहिली,
आणि दर वितीला एक गाठ मारत नेली पुढे.

ब्याण्णवला चालू, सत्त्याऐंशीला बंद,
असं बटणाच्या डबीवर छापलं होतं.
पराते छापील अक्षराला मानत नाही.
गंजात पाणी, पाण्यात बटण, बटणाला मीटर,
बाजूला मंदावहिनी, हाताला कणीक,
"पोळ्या कवा टाकू? बटणाचा रस्सा करून राहिले हे!"
नव्वद. एक्याण्णव. तिघंही गप्प.
टक्.
एवढासा आवाज, पण वहिनींनीही मान हलवली.

पहिल्या दिवशी पंखे उलटे फिरले.
जाळीवर धरलेला पेपरचा तुकडा
चिकटायचा सोडून माझ्या तोंडावर आला,
सोन्याच्या भावासकट.
त्यानं दोन तारांची जागा बदलली. बस्स.
माणसांचं एवढ्यात भागलं असतं तर,
असं म्हणणार होते. नाही म्हटलं.

सत्तेचाळीस अंश. दुपारचे तीन.
कुत्री एटीएमच्या दाराशी आडवी.
शंकरनगर, लाल, एकशेवीस सेकंद.
काटा चढला, चढला,
डॅशबोर्डचा दिवा पापणी लवावी तसा लवला
आणि पुढून एक घरघर सुरू झाली.
काटा थबकला. मग उतरायला लागला.
मागे हॉर्न वाजत होते,
पण ते हिरव्यासाठी.

घरी आले, चावी काढली, पंखे चालूच.
घाबरून फोन लावला.
"हात नका लावू. थेट बॅटरीवर आहे तो.
चावी काढली म्हणून ताप जाते काय?
निवू द्या त्याले."
पोर्चमध्ये उभी राहिले, पायात चप्पल तशीच.
रिटायर झाले त्यानंतरचा महिनाभर
मी रोज साडेनऊला डबा भरत होते.

दोन मिनिटं, वर थोडी सेकंदं. टक्.
मग शेजारच्यांचा कूलर तेवढा ऐकू येत राहिला.

जुन्या लॉगबुकची कोरी पानं उरली होती.
दौरा: शंकरनगर व परत.
किमी लिहिले, सुरुवात आणि शेवट.
शेवटच्या रकान्यापुढे बराच वेळ पेन धरून बसले,
मग लिहिलं:
सिग्नलला थांबले.