कळंब्याच्या काठावर, मे

पाणी इतकं मागे सरलंय
की तलावाच्या पोटातली गेल्या सालची चप्पल दिसते,
भेगाळल्या चिखलात रुतलेली, अंगठा तुटलेली.
पहाटे साडेपाचपासून पालथा पडलोय.
लेन्स मेव्हण्याची, रविवारपुरती उसनी.

पंचवीस वर्षं महाद्वार रोडला
पासपोर्ट फोटो काढले मी.
हनुवटी खाली. कान दिसू देत. डोळे मिटू नका.
लोक ऐकायचे. आलेलं हसूसुद्धा गिळायचे.

शेकाट्या ऐकत नाही.
काडीएवढ्या लाल पायांवर अख्खी सकाळ तोलून
तो माझ्याकडे पाठ करतो,
चोच खुपसतो स्वतःच्याच प्रतिबिंबात,
आणि मी श्वास धरला रे धरला
की उडतो.

तेवढ्यात दौलू गवळ्याच्या म्हशी उतरतात.
"काय घावलं का, मालक?"
मी नुसतीच मान हलवतो.
तो शेवटच्या म्हशीची शेपटी धरून
कमरेएवढ्या पाण्यात शिरतो, तिला थापटत, शिव्या देत.
आणि शेकाट्या परत येतो,
त्या दोघांपासून हातभर अंतरावर,
जणू म्हैस म्हणजे तलावाचाच एक उंचवटा,
दौलू म्हणजे त्यावरचं झुडूप,
आणि माणूस काय तो मी एकटा.

ऊन डोक्यावर आलं. कार्डात एकशे बारा फोटो.
एकात अर्धा पंख. बऱ्याच फोटोंत नुसतं पाणी.
एकात तो सरळ बघतोय:
लाल डोळा उघडा, मान ताठ, हसू नाही.
कान मात्र दिसत नाहीत.
परत पाठवतील हा,
सवयीनं वाटून गेलं.

ठेवला.