नावं कापणारा

ग्रासिएला पाहुण्यांना आधीच सांगते,
चुकून नाव घेतलंत तरी घाबरू नका, कापतो आम्ही.
आम्ही म्हणजे मी.
मॉन्टेव्हिडिओत, मोच्याच्या दुकानावरची खोली,
भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले.

लोकांच्या वतीने माफी मागून पोट भरणारी बाई झाली.
बावीस वर्षं बोटीवरून न उतरलेला आचारी झाला,
जमिनीचं विचारल्यावर नुसता हसला. ते हसू ठेवलं.

मंगळवारी आला त्याचा जुळा भाऊ
अकरा वर्षांपूर्वी नदीत गेला.
आईला दिसत नाही. तिला कुणी सांगितलंच नाही.
रोज सहाला हा दोनदा फोन लावतो,
एकदा स्वतः,
एकदा भाऊ होऊन.
भाऊ बेफिकीर, शब्द गिळणारा, लाडका.
"दुसऱ्या फोनवर ती जास्त हसते," म्हणाला,
आणि भोपळ्याच्या पेल्यातला कडू चहा
नळीने तळापर्यंत ओढला.
असले आवाज मी काढतो एरवी.

अगदी सुरुवातीला, माइक तपासताना,
त्याने एक नाव सांगितलं. थांबला.
मग दुसरं.
दोन्ही कापली.

रात्री टाकायचे तुकडे पुन्हा लावले.
पहिलं नाव सैल, शेवटचं अक्षर गिळलेलं.
दुसरं सावकाश, स्वच्छ,
सरकारी फॉर्मवर लिहून द्यावं तसं.

भाग एकशे सात प्रसारित झाला.
तुकडे अजून माझ्याकडेच आहेत.
खाली मोची शटर ओढतो
तेव्हा सहा वाजलेले असतात.