खाच

फोर्टच्या फुटपाथवर वीस रुपयांना मिळाली ती कॅसेट.
खोक्याच्या कडेला करवतीची खाच.
विकणारा म्हणाला, तिकडं खपली नाही की अशी कापतात
आणि वजनावर इकडं धाडतात.
म्हणजे 'अंकल्स लॉनमोवर' या बँडचं
पहिलंच अपयश
बोटीत बसून आमच्यापर्यंत आलं होतं.

ग्लॅडविननं डिक्शनरी काढली. लॉनमोवर : गवत कापायचं यंत्र.
कन्नमवार नगरात गवत उगवायचं ते गच्चीवर,
टाकी गळायची तिथं, वीतभर.

चार पोरं, ओहायोतल्या कुठल्याशा गावची.
शाळेच्या नकाशात ते गाव नव्हतं.
तीन कॉर्ड, बाकी नुसती घाई,
जणू खाली रिक्षाचा मीटर चालू ठेवलाय.
आणि प्रत्येक गाण्यात कुणीतरी बापावर चिडून
आपल्या खोलीचं दार आपटायचं.

आम्ही एकमेकांकडं बघायचो.
एकशे ऐंशी फुटांत सहा माणसं.
दार एकच, तेही दिवसभर उघडं,
वाऱ्यानं आपटू नये म्हणून धोंडा लावलेलं.
तरी राग आमचाच होता, शब्दाला शब्द.

मग आम्ही 'लेट फी' काढली.
चेंबूरची जॅमरूम, तासाला दीडशे,
ड्रमवर मी, सिंबल तडकलेलं.
एकूण कार्यक्रम चार.
त्यातला एक सत्यनारायणाच्या पूजेला,
दुसऱ्या गाण्यात पाटणकरांनी वायर काढली.

तिकडं त्यांचं बरं चाललं होतं म्हणे.
दुसरी रेकॉर्ड लाखांनी खपली. तिला खाच नव्हती,
म्हणून ती आम्हाला परवडली नाही.
तिसरीत व्हायोलिनं आली. ग्लॅडविन तीन दिवस बोलला नाही.
चौथीच्या आधी त्यांचा ड्रमर सोडून गेला
आणि का कोण जाणे, आठवडाभर
मला वाटत राहिलं, आता मला बोलावतील.
पाचवी निघाली तेव्हा ग्लॅडविन मस्कतला होता
आणि मी विमा कंपनीसाठी
ठोकलेल्या गाड्यांचे पोचे मोजत होतो.
त्यानंतर काही नाही.

यंदा फेब्रुवारीत आले. बीकेसीचं मैदान.
तिकीट साडेचार हजार, घरी अडीच सांगितलं.
गाणारा पन्नाशीचा, गुडघ्याला पट्टा.
वरचा सूर आला की माईक आमच्याकडं करायचा,
आणि आम्ही, टकलं पडलेले काही हजार,
त्याचा बाप, त्याचं गाव, त्याची खोली,
सगळं तोंडपाठ.
उडीच्या जागी त्यानं नुसता पाय उचलला.
उडी आम्ही मारली.

ग्लॅडविनला फोन लावून हात वर धरला.
त्याची रात्रपाळी. खरखरच पोचली असणार.
मध्येच ओरडला, व्हायोलिनं आहेत का रे?
नाहीत, म्हटलं.
मग राहू दे चालू.

घरी यायला एक वाजला.
ठाण्याच्या फ्लॅटला आतून दारं तीन,
त्यांचे हप्ते अजून अकरा वर्षं.
लेक जागी होती. सकाळचं भांडण तसंच, फॉर्मवरून.
माझ्याकडं पाहिलं, आत गेली
आणि दार आपटलं.

सत्तावीस वर्षं पाठ असलेला आवाज,
इतक्या जवळून कधी ऐकला नव्हता.
बूट काढता काढता
अंधारात पायानं उगाच
धोंडा चाचपला.