पूर्वस्थिती

अटी-शर्तींतली सातवी अट:
निधी फक्त पूर्वस्थितीत आणण्यापुरता.
पूल होता तेवढाच बांधायचा.
वीतभरही उंच नाही.

मी शाखा अभियंता, उपविभाग निफाड.
भाद्रपदात गंगापूरचे दरवाजे उघडले,
नाशकात पाणी दुतोंड्याच्या छातीला लागलं
आणि इकडे सायखेड्याच्या खालच्या अंगाला
नदीचं पाणी नाल्यात उलटं शिरून
आमचा फरशी पूल घेऊन गेलं.
आवाजसुद्धा झाला नाही म्हणतात.

पैसे आले मार्चच्या नऊ तारखेला.
निविदा, दरपत्रक, खाडाखोड नसलेलं मोजमाप पुस्तक,
अक्षांश-रेखांशासह फोटो:
कामापूर्वी, काम चालू, काम पूर्ण.
आणि एक, आपत्तीपूर्वीचा.

असलेल्या पुलाचा फोटो
कोण कशाला काढतो?

सुगंधाबाई खालकरांनी पिशवीतून अल्बम काढला.
नणंदेची पाठवणी.
नवरी रडतेय, मागे कठडा,
पुलाखाली कोरड्या नाल्यात एक जण
हात वर करून फरशीला टेकवून उभा.
‘पूल दिसतोय ना? मग न्या. पण परत द्या.’

परिशिष्ट चार, साक्षांकित.
लेखापरीक्षक कुलथ्यांचा शेरा आला:
‘छायाचित्रातील महिलेचा सदर कामाशी संबंध काय?’
उत्तर लिहिलं:
‘सदर महिला सदर पुलावरून गेली.’
शेरा वगळण्यात आला.

उंची मात्र राहिली.
जुना नकाशा वाळवीनं खाल्लेला.
पुरावा एकच, तो वर केलेला हात.

‘तो मीच,’ मच्छिंद्र टर्ले म्हणाला,
‘अकरा वर्षांचा होतो.’
मग जरा थांबून, नाल्याकडे बघत,
‘फोटोत तोंड पुसट आहे, मॅडम.
गडी माणूस म्हणून लिहा.
दोन फूट वाढतील.
दोन फुटांनी पूल वाचतो.’

खरंच वाचला असता.
मी हिशेब करून पाहिला होता, रात्री,
पाठकोऱ्या कागदावर.

मोजमाप पुस्तकात पेन्सिल चालत नाही.
मी शाईनं लिहिलं:
अकरा वर्षांचा मुलगा, हात वर करून,
पाच फूट.
त्या रात्री जेवण गेलं नाही.

दोन फुटांची वेगळी फाईल केली,
वेगळं शीर्ष, वेगळा निधी.
ती नाशकात आहे,
कुणाच्या तरी टेबलावर, कशाच्या तरी खाली.

उपयोगिता प्रमाणपत्र मुदतीत गेलं.
एक रुपया इकडचा तिकडे नाही.

काल ‘काम पूर्ण’चा फोटो काढला.
मच्छिंद्र पुलाखालून आला,
मान खाली घालून, कमरेत वाकून.
बाहेर येऊन सरळ झाला,
पाठ झटकली
आणि नदी कुठवर आलीय ते बघायला गेला.