वजरी

रविवारी टबच्या काठावर
कोमट पाण्यात पाय सोडून बसतो आम्ही,
मी आणि निषाद.
बाहेर डंडीत चारलाच काळोख,
टे नदीवरून येणारा वारा खिडकीच्या फटीत
शीळ घालत राहतो.

अर्ध्या तासाने कातडी फुगते,
पिवळट, निबर,
भिजवलेल्या वालाचं साल सुटावं तशी.
मग वजरी.
बाबांची, पितळेची, पाठीवर मोर, पोटात मणी.
विमानतळावर कस्टमवाल्याने हलवून विचारलं होतं,
वाद्य आहे का हे?
हो म्हटलं. सोपं पडलं.

बाबा चिपळूणच्या डेपोत मेकॅनिक.
तापल्या रेडिएटरचं झाकण उघड्या हाताने फिरवायचे,
नवी पोरं बघत राहायची.
एका ज्योतिषाने त्यांचा तळहात उजेडाला धरला,
बराच वेळ धरला,
आणि दक्षिणा परत केली.

मला बघायला आले तेव्हा
सासूबाईंनी माझे हात चाचपले.
घट्टे आहेत. कामसू दिसते पोर.
आईने चहा पुढे सरकवला.

इथल्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर
चौकोन आणि गोल काढले.
बाबांचा चौकोन काळा. माझा गोल काळा.
खालचा चौकोन रंगवता रंगवता थांबल्या,
निषादकडे बघितलं, मग पुरा केला.
नाणेफेक असते ही, म्हणाल्या, छापा नाहीतर काटा.
मला फक्त काटा ऐकू आला.

डिसेंबर आला की शाळेत नाच.
मुलं समोरासमोर दोन रांगांत,
अकॉर्डियन सुरू झालं की
ज्याने त्याने समोरच्याचा हात धरायचा.
गेल्या वर्षी एकीने बाही बोटांवर ओढून घेतली
आणि बाहीतून धरला.
हे मला त्याच्या बाईंनी सांगितलं. तो बोलला नाही.

यंदा मीच विचारते,
टाचेच्या भेगेत भिरंडेल जिरवताना,
त्याच्याकडे न बघता:
नाचाचं काय झालं?

"आयलाच्या हाताला घाम येतो.
फिरताना सगळ्यांच्या हातातून सुटते ती.
रोरी तर पडलाच.
माझ्या हातातून नाही सुटली."

एवढंच.
मग म्हणाला, तिथे नको, दुखतंय.

पाण्यावर पांढरा चुरा,
त्याचा कुठला, माझा कुठला.
बूच काढायला वाकते तर
मोराच्या पोटातले मणी खुळखुळतात
आणि तो उजवा हात पुढे करतो,
थांब, हा राहिला.